सूर्याच्या पट्ट्यावरून वाऱ्याच्या लहरींचें मापन
(नभोवाणीवरील भाषण)



सायंकाळीं समुद्रकिनाऱ्यावर बसून मावळतीकडे पाहण्याचा प्रसंग आपणांपैकीं बहुतेकांना आलेला असेल. सूर्य क्षितिजापासून हात-दोन हात वर असतो, आणि त्याच्या खालून निघून थेट आपल्या पायांपर्यंत येणारा एक झगझगीत पट्टा पाण्यावर पसरलेला असतो. आपण चार पावलें डावीकडे सरकलों तर तो पट्टाहि सरकतो. उजवीकडे गेलों तर तोहि मागोमाग येतो. जणूं प्रत्येक पाहणाऱ्यासाठीं समुद्रानें एक-एक स्वतंत्र वाट आंथरून ठेवली आहे. कवींनीं या वाटेचें वर्णन पुष्कळ केलें आहे. मी कवि नव्हे. छत्तीस वर्षें मुलांना गणित आणि सृष्टिविज्ञान शिकवून निवृत्त झालेला एक मास्तर आहें. तेव्हां आज मी या वाटेच्या सौंदर्याविषयीं न बोलतां तिच्या उपयोगाविषयीं बोलणार आहें. या पट्ट्याच्या साहाय्यानें समुद्रावरील अगदीं बारीक लहरी मोजतां येतात, आणि त्या मोजण्याची मनुष्याला फार गरज आहे, हें मला आपणांस सांगावयाचें आहे.

या विषयाकडे मी वळलों त्याला एक जुनें कारण आहे. कोंकणांतील एका बंदराच्या गांवीं मी शिक्षक असतांना वर्गांत परावर्तनाचा धडा चालूं होता. सपाट आरशांत प्रतिमा एकच दिसते, आणि स्थिर पाणी हाहि एक आरसाच होय, असें मीं सांगितलें. तेव्हां मागच्या बांकावरचा एक कोळ्याचा मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, विहिरीच्या पाण्यांत सूर्य एकच दिसतो, मग दर्यांत त्याचा पट्टा कां होतो? आणि आमचा आजा म्हणतो, पट्टा रुंद झाला कीं वारा वाढला असें समजावें. तें कसें?” मीं उत्तर दिलें, “समुद्राचें पाणी हलतें, म्हणून प्रतिमा मोडते. बस खालीं.” उत्तर खोटें नव्हतें, पण तें अर्धें होतें, आणि अर्ध्या उत्तरानें पुऱ्या प्रश्नाचें तोंड बंद करणें हा आम्हां मास्तरांचा जुना दोष आहे. त्या म्हाताऱ्या कोळ्याच्या बोलण्यांत केवढा विचार होता, हें माझ्या त्या वेळीं ध्यानांतच आलें नाहीं. निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली तेव्हां मला आढळलें कीं, नेमका हाच प्रश्न हातीं घेऊन मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीं विमानांतून समुद्राचीं छायाचित्रें घेतलीं आहेत. आजचें हें भाषण म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचें उशिरानें दिलेलें उत्तर आहे असें समजा.

प्रथम हा पट्टा कशाचा बनतो तें पाहूं. पाण्याचा पृष्ठभाग पूर्ण स्तब्ध असेल तर तो एक अखंड आरसा असतो, आणि त्यांत सूर्याची एकच प्रतिमा एका ठराविक जागीं दिसते. वारा सुटला कीं या आरशाचे जणूं असंख्य तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा निरनिराळ्या बाजूस कलतो. कलत्या आरशाचा नियम आपण शाळेंत शिकलेले आहोंत: आरसा एक अंशानें कलला तर परावर्तित किरण दोन अंशांनीं वळतो. आतां पाण्यावरील कोणतीहि एक जागा मनांत आणा. तेथून सूर्याचा किरण उलटून नेमका आपल्या डोळ्यांत यावयाचा, तर पाण्याला विशिष्ट दिशेस विशिष्ट अंशांचाच कल असावा लागतो. पाण्याचा तो इवलासा तुकडा ज्या क्षणीं तेवढा कलेल त्या क्षणीं तेथें एक ठिणगी चमकेल, आणि दुसऱ्याच क्षणीं विझेल. असे लक्षावधि तुकडे पाळीपाळीनें चमकतात आणि विझतात. त्या साऱ्या ठिणग्या मिळून आपली ती सोन्याची वाट होते.

यावरून दोन गोष्टी निघतात. पट्ट्याच्या मध्यभागीं ठिणगी उमटण्यास पाण्याला फारसें कलावें लागत नाहीं. कडेला उमटण्यास मात्र पुष्कळ कलावें लागतें. म्हणून पाणी शांत असलें कीं पट्टा अरुंद, आणि वाऱ्यानें तें खडबडीत झालें कीं पट्टा रुंद. दुसरी गोष्ट अशी कीं, पट्ट्यांतील एखादी जागा सरासरीनें किती उजळ दिसते, यावरून तेवढा कल पाण्याला किती वेळां येतो याचें अनुमान बांधतां येतें. आजोबांचें निदान बरोबर होतें. कमी पडला होता तो मास्तर.

आतां पाण्याला हा कल कोण देतें? प्रथमदर्शनीं वाटेल कीं मोठ्या लाटा. पण हिशेब करून पाहिला म्हणजे भ्रम दूर होतो. शंभर मीटर लांबीची आणि दोन मीटर उंचीची एक भरदार लाट घ्या. तिच्या अंगावरील सर्वांत तीव्र उतार साडेतीन अंशांच्या आसपास भरतो. घाटांतील मोटाररस्त्याची चढण याच मानाची असते. उलट दोन सेंटिमीटर लांबीची आणि अवघी दोन मिलिमीटर उंचीची एक लहर घ्या. आपण तिच्याकडे ढुंकूनहि पाहणार नाहीं. परंतु तिचा उतार सतरा-अठरा अंशांपर्यंत जातो. म्हणजे समुद्राला डोलविण्याचें काम मोठ्या लाटांचें, पण त्याला खडबडीत करण्याचें काम मुख्यतः या बोट-दोन बोटें लांबीच्या लहरींचें. वारा पाण्याला प्रथम पकडतो तोहि यांनाच धरून.

या लहरींचा जातिधर्महि निराळा आहे. मोठी लाट उठली कीं तिला खालीं ओढणारें बळ गुरुत्वाकर्षणाचें असतें. अगदीं बारीक लहरीला मात्र सपाट करण्याचें काम पाण्याचा पृष्ठताण करतो. ज्या ताणामुळें पावसाचा थेंब वाटोळा होतो आणि पाण्यावर सुई तरंगूं शकते, तोच हा ताण. या दोन बळांच्या सत्तेची सीमा कोठें आहे तें विल्यम टॉमसन, म्हणजे पुढें लॉर्ड केल्विन या नांवानें प्रसिद्धीस आलेले शास्त्रज्ञ, यांनीं १८७१ सालीं दाखवून दिलें. ती सीमा सुमारें १.७ सेंटिमीटर लांबीची आहे. त्या लांबीची लहर सर्वांत मंद चालते. तिचा वेग सेकंदाला सुमारें २३ सेंटिमीटर असतो. त्याहून लांब लाट अधिक वेगानें जाते, आणि नवल असें कीं त्याहून आंखूड लहरहि अधिक वेगानें जाते. केल्विन यांनीं हें आपल्या शिडाच्या नौकेवरूनहि पाहिलें होतें. वारा पडून नौका अगदीं हळू सरकत असतांना पाण्यांत सोडलेल्या गळाच्या दोरीपुढें बारीक लहरींची एक नक्षी उठलेली त्यांना दिसली, आणि दोरीच्या मागें लांब लाटांची दुसरी.

केल्विन यांच्या या दोरीच्या गोष्टींतच आपल्या विषयाची खरी अडचण दडलेली आहे. बारीक लहर मोजावयाची कशी? पाण्यांत काठी रोवावी किंवा तार सोडावी, तर ती काठी आणि ती तारच स्वतःच्या लहरी उठवते. तारेला पाणी चिकटून थोडें वर चढतें, आणि एक-दोन मिलिमीटर उंचीच्या लहरीची मोजणी करावयाची असतां ती चढणसुद्धां हिशेब बिघडविण्यास पुरेशी होते. शिवाय ज्या लहरीची उंची मिलिमीटरांत मोजावयाची, ती स्वतः मीटर-दोन मीटर वरखालीं होणाऱ्या लाटेच्या पाठीवर बसून चाललेली असते. धांवत्या घोड्याच्या पाठीवरील माशीच्या पंखांची लांबी मोजण्यासारखाच हा प्रकार. नाडी पाहणाऱ्या वैद्याचा हातच रोग्याची नाडी बदलूं लागला तर निदान व्हावें कसें? जो पाण्याला स्पर्श करील पण त्याला हालवणार नाहीं, असा हात पाहिजे होता. असा हात प्रकाशाचाच असूं शकतो.

पट्ट्यावरून उतार काढण्याची कल्पना तशी जुनी आहे. १८२२ सालीं स्पूनर नांवाच्या एका गृहस्थांनीं इटलीजवळच्या टिऱ्हेनियन समुद्रावर पट्ट्याची रुंदी मोजून पाण्याचा जास्तींत जास्त उतार २५ अंश असल्याचें एका पत्रांत लिहिलें. परंतु या कल्पनेला संपूर्ण शास्त्राचें रूप दिलें तें कॅलिफोर्नियांतील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेच्या चार्ल्स कॉक्स आणि वॉल्टर मंक या दोघांनीं. १९५१ सालीं त्यांनीं पॅसिफिक महासागरांत हवाई बेटांच्या परिसरांत विमानांतून सूर्याच्या चकाकीचीं छायाचित्रें घेतलीं. खालीं समुद्रावर त्याच वेळीं एक जहाज उभें होतें, आणि त्यावरून वाऱ्याचा वेग मोजला जात होता. सूर्य आकाशांत कोठें आहे, विमान किती उंचीवर आहे आणि कोणत्या बाजूस कललें आहे, हें ठाऊक असल्यामुळें छायाचित्रांतील प्रत्येक जागीं चमकण्यास पाण्याला किती अंशांचा कल हवा तें भूमितीनें काढतां येत होतें. म्हणून त्यांनीं छायाचित्रावर उतारांच्या रेषांचें एक जाळेंच बसविलें. नकाशावर अक्षांश-रेखांश असतात तसें. मग प्रत्येक घरांतील उजेड मोजला, आणि त्यावरून कोणता उतार किती वेळां येतो याचें कोष्टक तयार केलें. लक्षावधि लहरींपैकीं एकीलाहि हात न लावतां त्या सर्वांची शिरगणती झाली!

त्यांचा निबंध १९५४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत सेकंदाला १ मीटरपासून १४ मीटरपर्यंतच्या वाऱ्यांतील मोजणी आहे. निष्कर्ष मोठा सुबक आहे. उताराचा वर्ग करून त्याची सरासरी काढली, तर ती वाऱ्याच्या वेगाबरोबर सरळ रेषेंत वाढते. त्यांच्या सूत्रानें हिशेब केला तर सेकंदाला ५ मीटर, म्हणजे तासाला १८ किलोमीटर वेगाचा वारा असतां पाण्याचा प्रातिनिधिक उतार सुमारें साडेनऊ अंश येतो; वारा दुप्पट झाला कीं तो तेरा अंशांवर जातो; आणि सेकंदाला १४ मीटरच्या सोसाट्यांत तो सोळा अंशांच्या घरांत पोहोंचतो. वाऱ्याच्या दिशेनें असलेले उतार आडव्या दिशेच्या उतारांहून अधिक असतात, असेंहि त्यांना आढळलें. म्हणजे छायाचित्र नीट वाचतां आलें तर वारा किती आहे आणि कोणत्या बाजूनें आहे, या दोहोंची साक्ष पाणीच देतें.

याच प्रयोगांत त्यांनीं आणखी एक युक्ति केली. जहाजावरून पाण्यावर तेल सोडून पाव चौरस मैलाचा भाग त्यांनीं तेलकट केला आणि त्याचींहि छायाचित्रें घेतलीं. वारा तोच, समुद्र तोच, मोठ्या लाटाहि त्याच. परंतु तेलाखालीं उताराच्या वर्गाची सरासरी निम्म्यावर, कांहीं वेळां तृतीयांशावर आली. तेलानें मोठ्या लाटा मोडत नाहींत; मरतात त्या बारीक लहरी. तेल पाणी शांत करतें ही गोष्ट खलाशांना पुरातन काळापासून माहीत आहे. बेंजामिन फ्रँक्लिन यांनीं लंडनजवळच्या क्लॅपम येथील तळ्यावर चहाचा चमचाभर तेल ओतून अर्धा एकर पाणी आरशासारखें केलें होतें, आणि त्याची हकीकत १७७४ सालीं छापली होती. फ्रँक्लिन यांनीं जें डोळ्यांनीं पाहिलें त्याला कॉक्स आणि मंक यांनीं आंकडा दिला.

तरी पण शिरगणतीनें सर्व कळत नाहीं. गांवांत इतकीं माणसें आहेत एवढें समजलें, म्हणून कोण कोणाच्या घरीं राहतो तें समजत नाहीं. सूर्याच्या चकाकीवरून उतार किती वेळां येतात तें कळतें. परंतु तो उतार एक सेंटिमीटर लांबीच्या लहरीचा कीं दहा सेंटिमीटर लांबीच्या, ती कोणीकडे चालली आहे, तिचें आयुष्य किती, हें कळत नाहीं. त्यासाठीं एकेका लहरीचें रूप टिपणारें चित्र पाहिजे.

अशा चित्रासाठीं निरनिराळ्या रीति निघाल्या. एक रीति दोन डोळ्यांची. आपल्याला खोली कळते ती दोन डोळे दोन जागांवरून पाहतात म्हणून. तसे दोन कॅमेरे थोड्या अंतरावर ठेवून एकाच क्षणीं पाण्याचें चित्र घ्यावयाचें आणि दोहोंतील फरकावरून उंचसखलपणा काढावयाचा. १९५४ सालीं उत्तर अटलांटिकवर दोन विमानांतून अशीं जोडचित्रें घेण्यांत आलीं. मोठ्या लाटांना ही रीति उत्तम आहे. परंतु बारीक लहरींच्या मिलिमीटरभर उंचीला ती सहजासहजीं पुरी पडत नाहीं. दुसरी रीति स्टिलवेल यांनीं १९६९ सालीं मांडली. तिच्यांत सूर्याऐवजीं आकाशाच्या सर्वसाधारण उजेडाचा उपयोग केला. लहरीची एक बाजू आकाशाचा उजळ भाग दाखविते, दुसरी बाजू अंधुक भाग. या छटांवरून लहरींची लांबी आणि दिशा काढतां येते.

तिसरी रीति प्रयोगशाळेंतील आहे, आणि तिचें मूळ आपल्या स्वयंपाकघरांत सांपडतें. पातेल्याच्या तळाशीं नाणें ठेवून वर पाणी ओतलें कीं तें नाणें सरकल्यासारखें दिसतें. हें प्रकाशाचें वक्रीभवन. पाणी हललें कीं नाणेंहि हलल्यासारखें दिसतें. कॉक्स यांनीं १९५८ सालीं याचाच उपयोग केला. कृत्रिम वारा वाहणाऱ्या एका लांब हौदाच्या तळाखालीं त्यांनीं असा दिवा ठेवला कीं ज्याची एक कड काळोखी आणि दुसरी कड उजळ होती, आणि मधला उजेड पायरीपायरीनें वाढत होता. वरून पाहिलें असतां पाण्याचा जो भाग एका बाजूस कलेल त्यांतून दिव्याची काळोखी बाजू दिसे, आणि दुसऱ्या बाजूस कलेल त्यांतून उजळ बाजू. उजेड म्हणजेच उतार! पुढें झँग आणि कॉक्स यांनीं १९९४ सालीं पांढऱ्या उजेडाऐवजीं रंगांचा पडदा वापरला. म्हणजे लहरीच्या प्रत्येक बिंदूचा रंगच तो बिंदु कोणत्या दिशेला किती कलला आहे तें सांगूं लागला. जर्मनींतील हायडेलबर्ग येथें बर्न्ड येने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ही विद्या फार पुढें नेली. तेथें कडीसारखा वर्तुळाकार हौद बांधलेला आहे. त्याला शेवट नसल्यामुळें वारा त्या पाण्यावर हवा तितका वेळ वाहूं शकतो. तेथें सेकंदाला १५०० चित्रें घेऊन बारीक लहरींचा जन्म आणि मृत्यु पाहण्यांत आला.

पण खऱ्या समुद्राच्या तळाखालीं दिवा कोण ठेवणार? येथें प्रकाशाचा आणखी एक गुण उपयोगीं पडला, तो म्हणजे ध्रुवीकरण. प्रकाशलहरी साधारणतः सर्व दिशांनीं कंप पावतात; पाण्यावरून परावर्तित झाल्यावर मात्र एका दिशेचें कंपन अधिक उरतें. पाण्यावर पडणाऱ्या किरणाचा उभ्या रेषेशीं कोन सुमारें ५३ अंश असेल तर हा परिणाम सर्वांत जास्त होतो. मोटार चालविणारे चकाकी मारणारे चष्मे वापरतात त्यांचें तत्त्व हेंच. आतां गंमत पहा. परावर्तित उजेडाचें किती ध्रुवीकरण झालें यावरून तो किती कोनानें पडला तें कळतें, आणि कंपनाच्या दिशेवरून पाणी कोणत्या बाजूस कललें तें कळतें. अमेरिकेंतील क्रिस्टोफर झॅपा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ही रीति सविस्तर सांगितली. त्यांचा कॅमेरा एकाच क्षणीं निरनिराळ्या ध्रुवीकरणाचीं चित्रें घेतो. त्यांचा मेळ घालून चित्रांतील प्रत्येक बिंदूचा उतार काढतां येतो. पाण्यांत कांहीं बुडवावयाचें नाहीं, दिवा लावावयाचा नाहीं. आकाशाचा उजेडच पुरतो. मात्र तो उजेड स्वतः ध्रुवीकृत नसेल, म्हणजे आभाळ सारखें भरून आलेलें असेल, तर हिशेब सोपा जातो.

हा कॅमेरा ज्या विलक्षण नौकेवरून समुद्रावर वापरला गेला तिचें नांव फ्लिप. १९६२ सालीं बांधलेली ही १०८ मीटर लांबीची नौका आपल्या मागच्या भागांत पाणी भरून घेऊन समुद्रांत चक्क उभी राहत असे. बहुतेक भाग पाण्याखालीं आणि थोडासा पाण्यावर. त्यामुळें ती लाटांबरोबर फारशी डुलत नसे, आणि वरच्या कॅमेऱ्याला स्थिर आधार मिळे. २०२३ सालीं ती निवृत्त झाली.

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. मिलिमीटरभर उंचीच्या लहरींनीं आपलें काय अडलें आहे? याचीं दोन उत्तरें मी देतों.

पहिलें उत्तर हवेचें. मनुष्य कोळसा आणि तेल जाळून जो कार्बन डायऑक्साइड वायु हवेंत सोडतो, त्याचा सुमारें चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. पृथ्वी किती तापणार याचा हिशेब मांडतांना हा चौथा हिस्सा विसरून चालत नाहीं. हा वायु पाण्यांत शिरतो तो पृष्ठभागाखालच्या, मिलिमीटरच्याहि अंशाएवढ्या पातळ थरांतून, आणि त्या थराला ढवळण्यांत बारीक लहरींचा मोठा हात आहे. म्हणून वायूच्या देवघेवीचा वेग नुसत्या वाऱ्यावरून काढण्यापेक्षां लहरींच्या उतारावरून अधिक चांगला काढतां येतो, असें प्रयोगांत दिसून आलें आहे. समुद्रांतील सूक्ष्म वनस्पतींच्या स्निग्ध द्रव्याचा पातळ पापुद्रा पाण्यावर आला कीं वारा तोच असूनहि लहरी दबतात, आणि वायूची देवघेवहि मंदावते.

दुसरें उत्तर वाऱ्याचें, आणि तें आपल्या किनाऱ्याला अधिक जवळचें आहे. जमिनीवर वारा मोजण्याचीं ठाणीं आहेत. भर समुद्रांत तीं कोठून असणार? तेथील वारा उपग्रहांना वाचावा लागतो, आणि उपग्रह तो वाचतात या लहरींवरूनच. आपल्या देशाचा ओशनसॅट-२ हा उपग्रह २००९ सालीं, स्कॅटसॅट-१ हा २०१६ सालीं आणि त्यांच्यापुढचा इओएस-०६ हा २०२२ सालीं सोडण्यांत आला. अशा उपग्रहांवरील रडार सुमारें सव्वादोन सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी तिरक्या दिशेनें समुद्रावर सोडतें. समुद्रावरील दीड सेंटिमीटरच्या आसपासच्या लहरी या रेडिओलहरींशीं ठेक्यांत जुळतात आणि त्यांना मागें धाडतात. लहरी जितक्या जोरदार तितका हा प्रतिध्वनि मोठा. त्यावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा काढतात. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलें, तें आपणांस आठवत असेल. अशीं वादळें जन्म घेतात आणि वाढतात तीं दूर समुद्रांत. होड्या आंत न्याव्या कीं किनाऱ्यावर ओढाव्या, हा कोळीवाड्यांतील प्रश्न शेवटीं दीड सेंटिमीटरच्या लहरीशीं जाऊन भिडतो. मुसळधार पाऊस आणि अति प्रचंड वारा असला कीं हें वाचन चुकूं शकतें, हेंहि सांगितलें पाहिजे. थेंबांचा मारा आणि फेंस यांमुळें लहरींचें चित्र बिघडतें. म्हणून तर उपग्रहाचें रडार काय वाचतें हें समजून घेण्यासाठीं लहरींचीं प्रत्यक्ष चित्रें लागतात. सूर्याची चकाकी वजा करून समुद्राचा खरा रंग काढणाऱ्या उपग्रहांच्या हिशेबांत तर कॉक्स आणि मंक यांचें सूत्र आजहि वापरांत आहे.

आपल्या घरांतील मुलांना हें सारें दाखवावयाचें असेल तर खर्च कांहींच नाहीं. रात्रीं एका परातींत पाणी घ्या आणि वर दिवा असूं द्या. पाणी स्थिर झालें कीं दिव्याची एकच प्रतिमा दिसेल. मग एका बाजूनें हळूच फुंकर घाला. प्रतिमा फुटून ठिणग्यांचा पट्टा होईल. जोरानें फुंकलें तर पट्टा रुंद होईल. मग तेलाचें एक बोट पाण्याला लावा आणि पुन्हां तशीच फुंकर घाला. लहरी लवकर उठत नाहींत असें दिसेल. समुद्रावर गेलांत तर पट्ट्याच्या कडा पहा. पण थेट सूर्याकडे टक लावून पाहूं नका, आणि मुलांनाहि पाहूं देऊं नका. वाऱ्याची झुळूक पाण्यावरून धांवतांना जो गडद डाग सरकत जातो तोहि मुलांना दाखवा. ज्या लहरींविषयीं मी बोललों त्या त्या डागांत आहेत.

त्या मुलाचें पुढें काय झालें तें मला माहीत नाहीं. बदली झाली आणि गांव सुटलें. त्याचा आजा तर आतां नसेलच. पण आज मी वर्गांत असतों तर त्या मुलाला ‘बस खालीं’ म्हटलें नसतें. ‘तुझ्या आजाला एकदां शाळेंत घेऊन ये’ असें म्हटलें असतें. कागदावर कोन आणि वर्ग मांडून जें शास्त्र तयार झालें, त्याचें पहिलें निरीक्षण तो म्हातारा होडींत बसून रोज करीत होता. तो मुलगा आज कोठें हें ऐकत असेल तर त्यानें आपल्या मास्तराला क्षमा करावी, आणि त्याच्या मुलानें कांहीं विचारलें तर त्याला पुरें उत्तर द्यावें.